मेक्सिकोचा नकाशा अर्धा कर

«ताई, मी नाशिकला नोकरी करते, वय 29. कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट असं बरंच करून झालंय. ऑक्टोबरच्या शेवटी पाच आठवड्यांची सुट्टी मिळतेय आणि एकटीने, पाठीवर सॅक टाकून मेक्सिको फिरायचं ठरवलंय. यादी अशी: मेक्सिको सिटी, तेओतिवाकान, ग्वानाह्वातो, कॉपर कॅन्यनची रेल्वे, पिको दे ओरिसाबा, पुएब्ला, वाहाका, प्वेर्तो एस्कोन्दिदो, सान क्रिस्तोबाल, पालेंके, मेरिदा, चिचेन इत्सा, तुलुम. बहिणीकडे गेले होते तेव्हाचा अमेरिकेचा व्हिसा अजून चालू आहे. मी शाकाहारी, अंडं चालतं. आई म्हणते, टूर कंपनीबरोबर जा नाहीतर जाऊच नकोस, आणि तेही ऐन दिवाळीच्या दिवसांत! ओरिसाबा गाइडशिवाय जमेल का? सगळं आधी बुक करू का? आणि आईला काय सांगू? – गडवेडी, नाशिक»

गडवेडी,

एकटीने जा. पण ही यादी घेऊन जाऊ नकोस.

मेक्सिको महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे आणि तुझी तेरा ठिकाणं त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विखुरलेली आहेत. पस्तीस दिवसांतले दहा-बारा बसमध्ये जातील, दोन-चार दिवस पोट बिघडलेलं असेल, आणि उरलेल्या दिवसांत गावात पाय ठेवला की पुढच्या गाडीची चौकशी. आईला ज्या बंदूकवाल्यांची भीती वाटते, त्यांच्याहून या यादीनेच तुझी सहल बिघडण्याची शक्यता जास्त. टूर कंपन्या करतात तशीच धावपळ स्वतःच्या पाठीवर ओझं घेऊन करायची असेल, तर आईचं ऐकलेलं बरं. निदान बॅगा तरी दुसरं कुणी उचलेल.

कात्री पहिल्यांदा कॉपर कॅन्यनवर चालवू. लोस मोचिस ते चिवावा ही साधारण साडेसहाशे किलोमीटरची रेल्वे सुंदर आहे यात वाद नाही. 1961 साली पुरी झालेल्या त्या मार्गावर 86 बोगदे आणि 37 पूल आहेत. पण ती आहे वायव्येला, मेक्सिको सिटीपासून पार दूर, आणि दरीत उतरून रारामुरी लोकांच्या मुलखात थोडं तरी चालायचं तर तिला वेगळे दहा दिवस द्यावे लागतात. त्यात लोस मोचिस सिनालोआ राज्यात येतं आणि तिथे 2024 पासून टोळ्यांची आपापसांत मारामारी पेटली आहे. या खेपेला नकोच. ग्वानाह्वातो छान गाव आहे, पण तुझ्या उलट्या दिशेला. तुलुम मी माझ्या मनाने कापतेय: समुद्रकाठचे अवशेष देखणे, बाकी गर्दी आणि डॉलरमधले भाव. प्वेर्तो एस्कोन्दिदो ऐच्छिक ठेव. 2024 मध्ये नवा महामार्ग सुरू झाल्यापासून वाहाकाहून तिथे तीनेक तासांत पोचता येतं. मात्र सिकातेलाच्या किनाऱ्यावर पोहायला उतरू नकोस, त्या लाटा सराईत सर्फिंगवाल्यांसाठी आहेत.

उरलेल्याचा क्रम मी असा लावेन. मेक्सिको सिटीत उतर आणि चार-पाच दिवस तिथेच राहा. मग बसने वाहाका, दहा-बारा दिवस. तिथून मागे वळून पुएब्ला आणि डोंगर. पुन्हा मेक्सिको सिटीला येऊन विमानाने तुश्त्ला, तिथून तासाभरावर सान क्रिस्तोबाल. मग पालेंके, मेरिदा, वायादोलिद, आणि परतीचं विमान कान्कुनहून. जायचं तिकीट मेक्सिको सिटीचं आणि यायचं कान्कुनचं असं काढलंस की आल्या वाटेने परत जाण्यातले दोन दिवस वाचतात. वाहाकाहून पुन्हा मागे कशाला, असं विचारशील. त्याचं कारण डोंगर, आणि तोच तुझ्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

पिको दे ओरिसाबा 5636 मीटर. म्हणजे एव्हरेस्टच्या बेस कॅम्पहून पावणेतीनशे मीटर उंच. बेस कॅम्पला जाणारे लोक आठेक दिवस हळूहळू चढतात, मधे मुक्काम करतात, म्हणून ते शरीराला झेपतं. ओरिसाबाला ती सक्तीच नाही. सकाळी मेक्सिको सिटीतून निघालीस तर संध्याकाळी त्लाचिचूका गावाहून जीपने पिएद्रा ग्रांदेच्या झोपडीत, सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, पोचतेस आणि त्याच रात्री एक-दोनला माथ्याकडे निघायचं म्हणतेस. रस्ता इतका सोपा आहे म्हणूनच हा डोंगर धोक्याचा. तुझी नळीची वाट अवघडच आहे, पण कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर आणि मेक्सिको सिटीचा फुटपाथ 2240 मीटरवर. सह्याद्रीने तुला कातळ, घसारा आणि उन्हात चालणं शिकवलंय. विरळ हवेशी तुझी गाठ अजून पडलेली नाही. तिथे पायांतली ताकद फारशी उपयोगी पडत नाही, उलट दमदार माणूस पटापट चढून जातो आणि आधी आजारी पडतो.

दुसरं, वरची हामापा हिमनदी. ती आटत चाललीय आणि जिथे पूर्वी भुसभुशीत बर्फ असायचा तिथे आता बरेचदा काचेसारखं कडक बर्फ लागतं. बुटांना खिळ्यांचे क्रॅम्पॉन, हातात बर्फाची कुऱ्हाड, आणि घसरलं तर त्या कुऱ्हाडीने स्वतःला थांबवायची हाताला लागलेली सवय, हे तिन्ही नसेल तर त्या उतारावर एक पाय चुकला की शेकडो मीटर थांबणं नाही. तू उत्तरकाशी किंवा मनालीचा गिर्यारोहणाचा कोर्स केल्याचं लिहिलेलं नाहीस. तेव्हा माझं उत्तर: गाइडशिवाय अजिबात नाही, आणि गाइड घेऊनही या सहलीत नको. कोर्स कर आणि नंतर ये.

त्याऐवजी ला मालिंचे. 4461 मीटर, त्लाश्काला राज्यात, पुएब्लाहून जवळ. सुट्टीकालीन निवासांच्या आवारापासून वाट सुरू होते: आधी पाइनचं जंगल, मग पिवळं गवत, शेवटी घसरडी खडी. कोरड्या दिवसांत बर्फाचं सामान लागत नाही. शनिवारी-रविवारी तिथे पुएब्लाची कॉलेजची पोरं, कुटुंबं, कुत्री असे सगळे चढत असतात, म्हणून तू एकटी असलीस तरी वाटेवर एकटी पडत नाहीस. मधल्या वारी जाऊ नकोस. पहाटे निघ आणि दुपारी ढग जमायच्या आत खाली ये. डोकं दुखू लागलं, मळमळलं, पावलं वेडीवाकडी पडायला लागली तर माथा दहा मिनिटांवर असला तरी परत फीर.

मालिंचे सहज झाला आणि अंगात धमक उरली, तर इस्तासिवात्ल गाइडबरोबर कर. सव्वापाच हजार मीटरच्या आसपास आहे. आमेकामेकाहून पासो दे कोर्तेसच्या खिंडीत जायचं आणि ला होया या ठिकाणाहून, जवळजवळ चार हजार मीटरवरून, चढाई सुरू. लांबलचक, चढउतारांची, दमवणारी वाट आहे. शेजारचा पोपोकातेपेत्ल 1994 पासून धुमसतोय, त्याच्यावर चढायला बंदी आहे आणि भोवतालचा परिसरही बंद असतो. कुणी ‘मी नेतो गुपचूप’ म्हणालं तर तो माणूस टाळ. पोपो बघायला चोलुलाची टेकडी पुरे. टेकडी म्हणजे खरं तर घनफळाने जगातला सगळ्यात मोठा पिरॅमिड. वरून माती आणि गवत चढलंय आणि माथ्यावर स्पॅनिश लोकांनी चर्च बांधलंय. स्वच्छ सकाळी त्या चर्चच्या मागे पोपोचा धूर दिसतो.

आता वाहाका आधी का, ते. शहराच्या उत्तरेला सिएरा नोर्ते नावाची डोंगररांग आहे. तिथल्या सापोतेक या मूळनिवासी लोकांच्या आठ गावांनी मिळून आपलं जंगल आणि आपलं पर्यटन स्वतःच्या हातात ठेवलंय. पुएब्लोस मान्कोमुनादोस या नावाने ती ओळखली जातात. शंभरेक किलोमीटरच्या पायवाटा गावागावांना जोडतात, प्रत्येक गावात राहायला लाकडी किंवा मातीच्या खोल्या आहेत, थंडीसाठी शेकोटी आहे, जेवण गावातल्या बायकांच्या हातचं. गाइड गावातलाच असतो आणि तो पुढच्या गावाच्या गाइडकडे तुला सोपवून परत जातो. कुआहिमोलोयास 3200 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तीन-चार दिवस तू आपोआप उंचीवर झोपतेस, शरीर तयार होतं, आणि मग मालिंचे वेगळाच वाटतो. लातुवी ते लाचाताओ हा टप्पा चुकवू नकोस. ओलसर दरी, झाडांच्या फांद्यांवर लोंबणारं शेवाळ, फांद्यांच्या बेचक्यांत वाढलेल्या वनस्पती. पैसे गावाच्या सामाईक खात्यात जातात आणि त्या कारभाराचं काम गावकरी पाळीपाळीने करतात. तुला ‘गाइडशिवाय’ची हौस आहे हे मला कळतं, पण इथे गाइड घेणं म्हणजे यजमानाबरोबर चालणं आहे. याच डोंगरातलं गेलाताओ हे बेनितो हुआरेसचं गाव. 1806 साली तिथे जन्मलेला सापोतेक मेंढपाळ पोरगा पुढे देशाचा अध्यक्ष झाला.

वाहाका शहर संथपणे बघण्याजोगं. मोन्ते आल्बानला सकाळी उघडताच जा. सापोतेकांनी इसवी सनापूर्वी 500 च्या सुमारास आख्खा डोंगरमाथा सपाट करून वसवलेलं ते शहर, खोऱ्यापासून चारशे मीटर वर. गडावर उभं राहून खालचा मुलूख न्याहाळायची सवय असल्याने तुला ते बहुतेकांपेक्षा लवकर कळेल: वाटा कुठून येतात, पाणी कुठून आणायचे, पहारा कुठे असेल. तिथली सात नंबरची कबर आल्फोन्सो कासोने 1932 मध्ये उघडली आणि तिच्यातलं सोनं खाली सांतो दोमिंगोच्या मठातल्या संग्रहालयात ठेवलंय. डोंगरावरून उतरलीस की तिकडेच जा. मित्लाच्या रस्त्यावर शेअर टॅक्सीने एका दिवसात तूलेचं अजस्र झाड, यागुलचे अवशेष आणि मित्लाच्या भिंतींवरची दगडी नक्षी होते. घाई मात्र करू नकोस, तिन्हीपैकी दोनच झाली तरी चालेल.

अवशेषांबद्दल माझं एक मत ऐकून ठेव. ओळीने पाच-सहा पिरॅमिड पाहिले की सहावा दगडांचा ढीग दिसू लागतो. म्हणून मेक्सिको सिटीतल्या मानववंशशास्त्र संग्रहालयाला पूर्ण दिवस दे (सोमवारी बंद). पालेंकेचा राजा पाकाल याचा हिरव्या जेडचा मुखवटा तिथे आहे. त्याची कबर आल्बेर्तो रुस याने 1952 मध्ये शोधली. पुढे 1985 च्या नाताळात मुखवटा चोरीला गेला आणि 1989 मध्ये परत सापडला. तो आधी पाहिलास की पालेंकेच्या जंगलात, माकडांच्या घुमणाऱ्या आरोळ्या ऐकत त्या देवळासमोर उभी राहशील तेव्हा आत कोण झोपलं होतं ते तुला ठाऊक असेल. तेओतिवाकानला टूरची गरज नाही: उत्तरेच्या बस टर्मिनलपर्यंत मेट्रो जाते, तिथून थेट बस. पिरॅमिडवर कुठे किती चढू देतात ते बदलत राहतं, ते आदल्या दिवशी बघ. चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडवर मात्र चढता येतच नाही, आणि दहा वाजता कान्कुनच्या बसा आल्या की सावलीही मिळत नाही. आदल्या रात्री वायादोलिदला मुक्काम कर आणि आठला दारात हजर राहा. एकच माया शहर बघायचं असेल तर मी चिचेन सोडून मेरिदाहून उश्मालला जाईन. आणि कुठलेही अवशेष रविवारी नकोत. देशातल्या नागरिकांना त्या दिवशी प्रवेश मोफत असतो, सगळा गाव लोटतो.

मेक्सिको सिटीत एक काम कर, ते कुठल्या टूरच्या यादीत नसतं. शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत दिएगो रिवेराची भित्तिचित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात सगळ्या जगाचे लोक बसलेल्या टेबलाशी पाव मोडणारा जो माणूस दिसतो, ते वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे असल्याचं सांगतात. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांना हवे असलेले, म्हणून मायदेशी येणं बंद. मग मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले आणि मक्यावर काम केलं. 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. चापिंगो तेश्कोकोजवळ, शहराच्या पूर्वेला. तिथल्या जुन्या प्रार्थनामंदिरातली रिवेराची चित्रं शहरातल्या चित्रांहून मला सरस वाटतात.

सुरक्षिततेबद्दल. मेक्सिकोत हिंसा आहे आणि ती कमी नाही, पण ती जागा बघून असते. सिनालोआ, तामाउलिपास, साकातेकास, ग्वेरेरो ही राज्यं टाळायची. तुझ्या छाटलेल्या यादीत त्यातलं एकही नाही. युकातान तर देशातल्या सगळ्यात शांत राज्यांपैकी. तुझ्या वाटेवर जपायची जागा एकच, सान क्रिस्तोबाल आणि पालेंके जिथे येतात ते चियापास राज्य. ग्वातेमालाच्या सीमेलगतच्या भागात गेल्या काही वर्षांत टोळ्यांचा वावर वाढलाय, म्हणून याश्चिलानच्या माया अवशेषांच्या बाजूला जायचं की नाही ते सान क्रिस्तोबालमधल्या मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करून ठरव. ओकोसिंगोमार्गे पालेंकेला जाणाऱ्या घाटात रस्ते अडवणं आणि लुटालूट होते. मोठ्या कंपनीच्या बसा बिआएर्मोसावरून वळसा घालून जातात; तास वाढतात, पण तू त्याच बसने जा, तेही दिवसा. कुठे गावकऱ्यांनी दोरी बांधून रस्ता अडवला आणि पैसे मागितले तर वाद न घालता द्यायचे, आणि मोबाइल काढून चित्रीकरण तर मुळीच करायचं नाही. सान क्रिस्तोबालजवळच्या सान हुआन चामुला गावातल्या चर्चमध्येही फोटो काढायला बंदी आहे आणि ती लोक मनापासून पाळायला लावतात.

शहरातला धोका आपल्याकडच्यासारखाच: मेट्रोत खिसेकापू. गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात, त्यात बस. मेट्रोचं तिकीट 5 पेसो आहे आणि प्रत्येक स्टेशनला चित्राची खूण आहे, त्यामुळे स्पॅनिश न येणारीही चुकत नाही. रात्री रस्त्यावरची टॅक्सी हात करून थांबवायची नाही, ॲपवरूनच बोलवायची. एटीएम बँकेच्या आतलं वापर आणि यंत्राने ‘आमच्या दराने बदलून देऊ का’ विचारलं की नाही म्हण. पाटीवर डॉलरची खूण दिसली तर दचकू नकोस, पेसोचीही तीच खूण आहे. मेक्सिको सिटीत भूकंपाचा भोंगा वाजला तर पासपोर्ट शोधत बसायचं नाही, बाहेर पडायचं. 1985 आणि 2017 चे मोठे भूकंप दोन्ही 19 सप्टेंबरलाच झाले, आणि 2017 ला तर त्या दिवशीची वार्षिक कवायत संपून जेमतेम दोन तास झाले होते. लोक भोंग्याला मान देतात, तूही दे. मदतीचा नंबर 911.

खाण्याचं तुला वाटतं तितकं सोपं नाही आणि आईला वाटतं तितकं अवघडही नाही. मक्याची भाकरी, काळा घेवडा, मिरची, टोमॅटो, भोपळ्याची फुलं, निवडुंगाची पानं, पेरू, पपई, चिकू: बाजारात शिरलीस की निम्म्या गोष्टी ओळखीच्या, कारण त्यांतल्या कित्येक तिथूनच जगभर आणि आपल्याकडे आल्या. अडचण लपलेल्या गोष्टींची. परतलेल्या घेवड्यात आणि तमालमध्ये (मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे) बहुधा डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो, मोले नावाच्या मसालेदार दाट रश्श्यातही तेच पाणी. ‘कार्ने’ नको म्हटलंस तर समोरचा बीफ काढून आनंदाने चिकन वाढेल. म्हणून वाक्य पाठ कर: ‘सोय वेखेतारियाना, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका’, म्हणजे शाकाहारी आहे, कोंबडी, मासे, चरबी नको. वाहाकाच्या त्लायुदावर, म्हणजे मोठ्या कुरकुरीत मक्याच्या भाकरीवर, ‘असिएन्तो’ नावाचा चरबीचा थर लावतात, तो वगळायला सांग. मेक्सिको सिटीत केसादिया (सारण भरून घडी घातलेली भाकरी) मागताना चीज हवं हेही सांगावं लागतं, नाहीतर चीजविनाच येते! भोपळ्याच्या फुलांची आणि मक्यावरच्या काळ्या बुरशीची केसादिया दोन्ही खाऊन बघ, बुरशीचं नाव ऐकून नाक मुरडू नकोस. दुपारी एक ते चारमध्ये साध्या खानावळींत ‘कोमिदा कोर्रिदा’ नावाचं ठरलेलं ताट मिळतं, दिवसाचं मुख्य जेवण तेव्हाच उरकायचं. नळाचं पाणी प्यायचं नाही. वीस लिटरच्या बाटल्यांमधून तुझी बाटली भरून घे. आणि दुकानात शिरताना काही विचारायच्या आधी ‘बुएनोस दियास’ म्हण. थेट प्रश्न टाकणं तिथे उद्धटपणाचं समजतात.

व्हिसाचं तुझं काम झालंय. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, आणि अमेरिकेतून विमान बदलायलाही तोच उपयोगी पडेल. उतरल्यावर अधिकारी किती दिवस देतो ते शिक्क्यावर तिथल्या तिथे वाच; नियमाने 180 पर्यंत मिळतात, पण देणं त्याच्या हातात. भारतीय पासपोर्टवर एकट्या मुलीला प्रश्न विचारले जातात. परतीचं तिकीट, पहिल्या चार रात्रींचं आरक्षण आणि नोकरीचं पत्र कागदावर छापून हाताशी ठेव.

बाकी आधी बुक काय करायचं? सुरुवातीच्या रात्री, चित्रकार फ्रिदा काहलोच्या निळ्या घराचं तिकीट (दारात मिळत नाही), तुश्त्लाचं विमान. सिएरा नोर्तेचं वाहाकात पोचल्यावर ठरतं. लांबच्या बसची तिकिटं दोन-चार दिवस आधी घेतली की स्वस्त पडतात. त्या बसांत एसी इतका सोडतात की शाल हाताशी नसेल तर रात्रभर कुडकुडशील. पालेंकेहून मेरिदाला 2023 च्या डिसेंबरपासून माया रेल्वेही आहे. हौस असेल तर कर, पण स्टेशन गावापासून किती लांब आहे ते आधी नकाशावर बघ. सॅक चाळीस लिटरहून मोठी नको.

आता आई. तिला खोटं सांगून ‘मैत्रिणीबरोबर चाललेय’ म्हणू नकोस. पहिल्याच व्हिडिओ कॉलला उघडं पडशील आणि पुढच्या प्रत्येक सहलीला त्याची किंमत मोजशील. मला वाटतं, तिचं निम्मं दुःख दिवाळीचं आहे आणि ते मेक्सिकोच्या नावावर खपतंय. शक्य असेल तर परतल्यावरचे चार दिवस रजा वाढवून घरी राहा आणि ते तिला आत्ताच सांग. उरलेल्या भीतीवर आश्वासनांपेक्षा तपशील चालतो. सुधारलेली यादी छापून दे: कुठल्या तारखेला कुठे, मुक्कामाचा पत्ता, फोन. ओरिसाबा कापलास हे ठळक अक्षरांत. फोनची वेळ ठरव. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे तुझे सकाळचे 8 आणि तिचे संध्याकाळचे साडेसात. तुझा नाश्ता आणि तिचा दिवा लावून झाल्यानंतरचा निवांतपणा जुळतो. सिएरा नोर्तेत आणि मालिंचेवर नेटवर्क जाईल, त्या तारखांवर आधीच खूण करून ‘या दिवशी फोन येणार नाही’ असं लिहून दे. न सांगता गप्प झालीस तर ती संध्याकाळी सातपासून टीव्हीवर मेक्सिकोच्या बातम्या शोधत बसेल.

तुझी,
ताई

ता. क. वाहाकाला 30 ऑक्टोबरपर्यंत पोचायचं बघ. 31 ला रात्री शोशोकोत्लानच्या दफनभूमीत आणि 1-2 नोव्हेंबरला सगळीकडे मृतांचा सण असतो, थडगी झेंडूने भरून जातात. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. कुटुंबं आपल्या माणसांजवळ रात्र काढायला आलेली असतात, तेव्हा विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नकोस. त्या आठवड्यातल्या वाहाकाच्या खोल्या कित्येक महिने आधी संपतात आणि भाव दुप्पट होतात. तेवढं एक आरक्षण हे पत्र वाचून झाल्यावर लगेच कर.